हातमोज्यांचा हिशेब आणि हाताची किंमत

पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा ही भोर तालुक्यातील गावे आणि चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता यांच्या कडेने लहानमोठी गॅरेजे उभी आहेत. दुचाकी, वडापच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, मालमोटारी या सर्वांची दुरुस्ती तेथे होते. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. पण तालुक्याचे नाव बदलल्याने तेथील मेस्त्रीच्या हातावरचे काळे ऑइल निघून जात नाही. दिवसभर ते ऑइल अंगवळणी पडावयाचे आणि संध्याकाळी रॉकेलने किंवा पेट्रोलने हात धुवावयाचे, हीच रीत. पावसाळ्यात तेच भेगाळलेले हात भातलावणीच्या चिखलात उतरतात.

या हातांना हातमोजे मिळावेत आणि ते कोणते असावेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो श्रमाच्या अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. इंजिनात तापून काळ्या पडलेल्या तेलात कर्करोगकारक संयुगे साठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने शुद्ध न केलेल्या खनिज तेलांची, तसेच पेट्रोलमध्ये असणाऱ्या बेंझीनची गणना मानवास निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली आहे. रॉकेल व पेट्रोल त्वचेतील स्निग्धांश काढून घेतात. त्वचा फाटते आणि फाटलेली त्वचा विषाला अधिकच वाट देते. म्हणजे हात स्वच्छ करण्याची रूढ पद्धतच हाताची शत्रू ठरते.

हे ज्ञान नवे नाही. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घातलेले खनिज तेल कामगारांच्या कपड्यांतून अंगात मुरे आणि त्यातून त्यांना त्वचेचा कर्करोग होई. या रोगाची पहिली नोंद मँचेस्टरमध्ये १८८७ साली झाली. परंतु गिरणीमालकांवर बंधन घालणारे नियम ब्रिटनमध्ये व्हावयास १९५३ साल उजाडले. भारतातही खनिज तेलामुळे होणारा त्वचेचा कर्करोग १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होता. कायद्याला रोग ठाऊक होता; रोग्यापर्यंत मात्र कायदा पोहोचला नाही.

तो का पोहोचला नाही? १९४८ चा कारखाने कायदा वीज वापरणाऱ्या व किमान दहा कामगार असलेल्या जागेस लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत हीच मर्यादा वीसवर गेली. फाट्यावरच्या गॅरेजमध्ये एक मेस्त्री आणि दोन-तीन पोरे असतात. ज्याला संरक्षणाची गरज अधिक, तोच कायद्याच्या कक्षेबाहेर, अशी ही रचना आहे.

आता निवडीचा व्यावहारिक भाग. औषधाच्या दुकानातील पांढरे रबरी हातमोजे तेलात व पेट्रोलमध्ये फुगतात आणि लवकरच निकामी होतात. व्हिनाइलचे मोजे स्वस्त असतात. पण नटबोल्टच्या कडेला लागताच फाटतात. गॅरेजच्या कामाला नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे योग्य. तेल व ग्रीस त्यांत सहज शिरत नाही. जाडी ‘मिल’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. तपासणीसाठी डॉक्टर वापरतात ते साधारण तीन ते पाच मिलचे असतात. गॅरेजसाठी सहा ते आठ मिलचे, बोटांवर खरखरीत नक्षी असलेले आणि पावडर नसलेले घ्यावेत. माप बरोबर असावे, कारण घट्ट मोजा लवकर फाटतो आणि सैल मोज्यात पाना निसटतो.

समजा, पातळ जोड पाच रुपयांचा आणि जाड जोड बारा रुपयांचा आहे. एका कामात पातळ तीन जोड फाटले आणि जाड एकच पुरला, तर महाग दिसणारा मोजाच तीन रुपयांनी स्वस्त पडतो. मात्र मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. ब्रेक साफ करण्याची द्रव्ये व थिनर नायट्राइलमधूनही काही मिनिटांत पार जाऊ शकतात; त्यासाठी जाड, पुन्हा वापरण्याजोगे मोजे हवेत. तापलेल्या सायलेन्सरपासून हे मोजे वाचवीत नाहीत. फिरता पट्टा किंवा ड्रिल यांच्याजवळ कापडी मोजा घालणे तर घातकच, कारण तो हातासकट ओढला जातो. फाटलेला मोजा तत्काळ बदलावा आणि शेवटी हात साबणानेच धुवावेत.

हे सारे कळले, तरी खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न उरतोच. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली दाखवून दिले की, खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा मोठा भाग कामगारांवर आणि समाजावर ढकलतो. गॅरेजच्या बिलात सुट्या भागांची किंमत असते, मजुरी असते. मेस्त्रीच्या झिजलेल्या त्वचेची रक्कम कोठेच नसते. ती तो स्वतः दवाखान्यात भरतो. परंतु लहान गॅरेजवाला हा काही भांडवलदार नव्हे. तोही पोरांबरोबर गाडीखाली झोपणारा श्रमिकच आहे. म्हणून त्याला दोष देऊन काम भागणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. जगातील नायट्राइल मोज्यांचा फार मोठा भाग मलेशियात तयार होतो. तेथील सर्वांत मोठ्या उत्पादकाच्या मालावर सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून अमेरिकेने २०२० साली निर्बंध घातले व ते २०२१ मध्ये उठविले. नेपाळ-बांगलादेशातून कर्ज काढून गेलेल्या मजुरांच्या श्रमावर तो उद्योग वाढला होता. एका श्रमिकाचा हात वाचविण्यासाठी दुसऱ्याचा हात बांधला जाणे समाजवादी विचाराला मान्य होणारे नाही. तसेच तेलकट मोजे ओढ्यात टाकणे किंवा जाळणेही नको; नायट्राइल जळताना विषारी वायू निघतो आणि वेल्ह्यातील पानशेतचे पाणी तर पुणे शहर पिते.

यातून मार्ग सामुदायिकच निघेल. तालुक्यातील गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन मोजे ठोक भावाने घ्यावेत, बिलात संरक्षणखर्च उघडपणे लावावा आणि वापरलेले मोजे व काळे ऑइल एका ठिकाणी जमा करावे. कामगारसंख्येची अट न लावता आरोग्यसंरक्षण प्रत्येक कामाच्या जागेला लागू करण्याची मागणी पक्षाने लावून धरावी. कार्यकर्त्यांनी मात्र त्या मागणीच्या मान्यतेची वाट पाहू नये. आपली दुचाकी दुरुस्तीला नेताना मेस्त्रीच्या हाताकडे पाहावे आणि बिलातील ते चार-दोन रुपये कुरकुर न करता द्यावेत.