उघड्या दाराची सुरक्षितता

‘लिनक्सला विषाणू बाधत नाहीत, तेव्हा ‘वाइन’ बसवा आणि विंडोजचा कोणताही प्रोग्राम बिनदिक्कत चालवा,’ असा सल्ला मुक्तस्रोताचे काही उत्साही पुरस्कर्ते देत असतात. ही निव्वळ आत्मवंचना होय. १९९३ साली आरंभलेल्या वाइनची १.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली. पंधरा वर्षांच्या त्या तपश्चर्येविषयी आदरच हवा. परंतु वाइनचे काम विंडोज प्रोग्रामच्या मागण्या लिनक्सला समजावून देण्याचे आहे, पहारा देण्याचे नाही. मूळ मांडणीत तर ते ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून संगणकाची सारी फाइलव्यवस्था या पाहुण्यापुढे मांडते. वापरकर्त्याला जे वाचता वा पुसता येते, ते त्या प्रोग्रामलाही येते. मग घरची पत्रे, छायाचित्रे, हिशेब यांचे काय? झेड काढून टाकला की निर्धास्त व्हावे, असेही नाही. प्रोग्राम वाइनला वळसा घालून थेट लिनक्सच्या गाभ्याशी बोलू शकतो. आणि ‘रूट’च्या अधिकाराने वाइन चालविणाऱ्या महाभागांना काय म्हणावे! अनोळखी प्रोग्रामसाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडावे. संशय दाट असेल तर इंटरनेट तोडलेले आभासी यंत्र वापरावे. एवढेही कष्ट ज्यांना नकोत, त्यांनी निदान चोरीचे, ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर तरी वाइनमध्ये ओतू नये.