शिवी गेली, हशा राहिला

आमच्या लोकनाट्याचं रेकॉर्डिंग मी घरी टीव्हीला जोडलं, तेव्हा शेजारी आज्जी बसली होती. वग रंगात आलेला. सोंगाड्या प्रधानाभोवती गिरकी घेतो, ढोलकी चढत जाते, एकदम थांबते, सोंगाड्या तोंड उघडतो आणि 'टूंऽऽ'. पाठोपाठ अख्ख्या मांडवाचा हशा. आज्जीनं माझ्याकडं बघितलं. "मधनंच शिट्टी कसली गं वाजाय लागलीया? रेंज गेली काय?"

रेंज गेली नव्हती, शब्द गेला होता. युवा महोत्सवात आम्ही केलेला वग एका चॅनेलनं 'सहकुटुंब पाहता येईल असा' करून टाकला होता. अर्ध्या तासात अकरा 'टूं'. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यात गंमत म्हणजे ज्या कुटुंबासाठी हे सोवळं चाललं होतं, त्या कुटुंबाची प्रमुख माझ्या शेजारीच बसलेली, आणि धार काढताना म्हैस हलली तर ती याहून दणकट शब्द वापरते.

तुमच्या कॉलेजचं लोकनाट्य, एकांकिका, पथनाट्य आज ना उद्या कुणीतरी शूट करणार आहेच. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

आधी सातासमुद्रापारचं एक उदाहरण घेऊ. 'हॅमिल्टन' हे ब्रॉडवेचं गाजलेलं संगीत नाटक. २०१६ साली मूळ नटसंचासह त्याचं चित्रीकरण झालं आणि ३ जुलै २०२० रोजी ते डिस्ने प्लसवर आलं. नाटकात 'एफ'नं सुरू होणारी ती इंग्रजी शिवी तीनदा येते. तिथल्या वर्गीकरणाच्या नियमानुसार तो शब्द एकदा आला तर सिनेमा 'पीजी-१३' मध्ये बसू शकतो, त्याहून जास्त वेळा आला तर साधारणपणे थेट 'आर', म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नाही. मग लिन-मॅन्युएल मिरांडानं दोन ठिकाणचा शब्द घालवला आणि ते ट्विटरवर उघड सांगूनही टाकलं. एका जागी नुसती शांतता, दुसऱ्या जागी रेकॉर्डवर सुई घासल्यासारखा आवाज. नाटक त्याचं, गाणी त्याची, प्रमुख भूमिका त्याची आणि कात्रीही त्यानंच धरलेली. पटो न पटो, हक्क त्याचा होता. आमच्या वगावर ज्यानं 'टूं' लावले, त्याला वगाची गोष्ट तरी माहीत होती का, मला शंका आहे.

आता तांत्रिक बाजू, कारण सगळं नुकसान तिथं होतं. मोठ्या नाटकाचं व्यावसायिक रेकॉर्डिंग करताना प्रत्येक नटाच्या माईकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतात. एकाचा शब्द गाळला तरी वाद्यं चालू राहतात. आपल्याकडं काय असतं? मांडवात दोन माईक लटकवलेले, एक कॅमेरा, सगळा आवाज एकत्र. शब्दावर 'टूं' टाकला की त्याच्याखालची ढोलकीची थाप, हलगी, झीलकऱ्यांनी धरलेला सूर, सगळंच बुडतं. आणि लोकनाट्यात शिवी कुठंही पडत नाही हो. ती बरोबर समेवर पडते. सोंगाड्यानं शब्द टाकायचा आणि ढोलकीवाल्यानं तो उचलायचा, यासाठी आमच्या दोघा मित्रांनी तीन आठवडे तालीम केली होती. पडद्यावर थाप नाही, शब्द नाही, फक्त हशा उरला. घरी बसलेल्याला वाटतं, ही माणसं कशाला हसतायत?

बरं, 'टूं'नं मुलं तरी वाचतात का? माझा चुलतभाऊ सातवीत आहे. त्यानं 'टूं'खालचा शब्द लगेच ओळखला. तो साफ चुकीचा होता आणि मूळ शब्दापेक्षा तिप्पट घाण होता. आमचा सोंगाड्या बिचारा नुसतं 'भाड्या' म्हणाला होता.

कात्री आपल्या रंगभूमीला नवी नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते. १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला याच मंडळानं अडवलं, तिसाहून जास्त ठिकाणी काटछाट सांगितली. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या लढ्यावर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिलंय, लायब्ररीत मिळालं तर सोडू नका. पुढं २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी ही पूर्वपरवानगीची पद्धतच न्यायालयात नेली. पूर्वपरवानगी मलाही पटत नाही, पण एक मान्य करायला हवं: त्या मंडळाला नाव आहे, पत्ता आहे, त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. एडिटिंग टेबलावर 'टूं' टाकणाऱ्याविरुद्ध कुठं जायचं? जे नाटक मंडळानं पास केलं, रंगमंचावर हजार लोकांनी ऐकलं, त्याला मोबाइलवर येताना ही दुसरी कात्री कशासाठी?

'कायद्यानंच करावं लागतं' असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या आयटी नियमांत ओटीटीसाठी वयोगट ठरवून दिलेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. भाषा कशी आहे हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगायचं, १३+ पासून पुढं पालकांसाठी कुलपाची सोय द्यायची. वयोगट लावा आणि बघणाऱ्याला ठरवू द्या, अशी ती रचना आहे. शिवीवर 'टूं' टाकाच, असं त्यात नाही. यूट्यूबवर भानगड वेगळी. तिथं शिव्या फार असल्या की जाहिराती कमी मिळतात. म्हणजे बऱ्याचदा 'कुटुंब' हे नाव पुढं केलेलं असतं आणि हिशेब जाहिरातीचा असतो. तोही करा, पण तसं सांगून करा.

गडहिंग्लजमधून आजरामार्गे आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी, आणि मग मालवणी मुलूख. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० सालचं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोग करून गाजवलं. गावकरी महाभारतातलं नाटक बसवतात आणि ऐन प्रवेशात त्यांची राजेमंडळी धाडकन मालवणीवर येतात. त्यातली शिवी काढली तर भांडायला फक्त कौरव-पांडव उरतील, गाव उरणार नाही. त्याच कांबळींच्या भद्रकाली प्रॉडक्शन्सनं २०१७ मध्ये प्राजक्त देशमुखचं 'संगीत देवबाभळी' आणलं. रंगमंचावर फक्त दोघी, तुकोबांची आवली आणि रखुमाई. आवली विठ्ठलाचा यथेच्छ उद्धार करते. घरात दाणा नाही आणि नवरा याच्या नादी लागलेला, तिनं दुसरं काय करायचं? तिच्या रागावर 'टूं' टाकला तर देवावर हक्क सांगणारी बाई जाते आणि नुसती भजन ऐकणारी उरते.

तुकोबांचंच घ्या. त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगात लंगोटीच्या आधी एक शब्द येतो. बऱ्याच जणांच्या तोंडी तिथं 'कासेची' असतं. गाथेत दुसरा शब्द आहे, तो इथं छापणार नाहीत, तुम्ही शोधा. मला तो मूळ शब्दच आवडतो. पण ज्यानं कुणी बदल केला, त्यानं एक शहाणपण केलं. तीन अक्षरांच्या जागी तीन अक्षरं ठेवली, त्यामुळं ताल मोडला नाही, टाळकऱ्याला अडखळावं लागलं नाही. बदलायचंच असेल तर निदान असं बदला.

तमाशातले लोक हे कायम करत आलेत. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' घेऊन दादा कोंडके गावोगाव फिरायचे तेव्हा कुठल्या प्रेक्षकांसमोर काय बोलायचं हे तिथंच ठरायचं. समोर बायाबापड्या जास्त असल्या की सोंगाड्या शिवीच्या तोंडाशी जाऊन भलत्याच शब्दावर उडी मारतो. लोक दुप्पट हसतात. हे काम नटाचं आहे. माउसनं होत नाही ते.

आता माझ्या मैत्रिणींनी घेतलेला आक्षेप, तो खरा आहे म्हणून. "शिव्यांचा एवढा पुळका कशाला? सगळ्या तर आई-बहिणीवरच्या." पटतं. युवा महोत्सवात दरवर्षी दोन-तीन वग असे असतात की विनोद सुचला नाही म्हणून शिवी घातलेली कळते. आमच्याही वगातल्या अकरांपैकी चार फुकटच्या होत्या. त्या तालमीतच कुणीतरी "ही कशाला रे?" म्हणून काढायला हव्या होत्या. मी तिथं होते, बोलले नाही. पण त्याच वगात नाच्याला उद्देशून बाईमाणसाची टर उडवणारी एक लांबलचक बतावणी होती. त्यात एकही शिवी नाही, म्हणून एकही 'टूं' नाही. ती 'सहकुटुंब' म्हणून जशीच्या तशी पास झाली. मला लाज वाटली ती तिथं.

म्हणून या वर्षी तालमीला बसण्याआधी एक करा. शूटिंग करणाऱ्याशी आधीच बोला, जमल्यास साध्या कागदावर लिहून घ्या की आवाजाला हात लावायचा तर आधी आम्हाला विचारायचं. ढोलकी आणि नटांचा आवाज वेगळा रेकॉर्ड होईल असं बघा, त्याला फार पैसे लागत नाहीत, एक जादा रेकॉर्डर पुरतो. 'भाषा रांगडी आहे' अशी पाटी सुरुवातीला स्वतःच लावा. आणि घरच्यांसाठी वेगळी आवृत्ती हवीच असेल, तर नटांनीच दुसऱ्यांदा ती करावी, तालात बसणारे दुसरे शब्द घेऊन. दोन्ही ठेवा, बघणारा निवडेल.

आमच्या सोंगाड्यानं 'भाड्या'ला पर्याय शोधायला घेतलाय. कालपर्यंत सहा झाले, एकही समेवर बसेना. शेवटी मी आज्जीला मूळ शब्द सांगितला. ती म्हणाली, "एवढंच? त्यासाठी शिट्टी व्हय?" आणि तिनं लगोलग एक सुचवला. तीन अक्षरी, ताल चोख. छापण्यासारखा मात्र नाही.