कयाधूचं गलबत

मुलांनो, आपल्या हिंगोलीला समुद्र नाही. पण कयाधू तर आहे ना? मग चला, गलबत करूया!

पांगाऱ्याचं वीतभर हलकं लाकूड मोठ्यांच्या मदतीने आतून कोरा. मधे डोलकाठी रोवा, दोन्ही बाजूंना दोऱ्याने ताणून बांधा. तिरक्या काठीला तिकोनी शीड लावा. कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांचं मोठं शीड असंच असे, टोक डोलकाठीच्याही वर!

आता बादलीत सोडा. कलंडलं? हिरमुसू नका. स्वीडनचं ‘वासा’ हे खरंखुरं युद्धजहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालं. वर भार फार, तळाशी वजन कमी! तुम्ही तळात खडे घट्ट बसवा. गलबत ताठ उभं राहिलं, की आईबाबांना घेऊन कयाधूवर चला!