माशांच्या टाकीतले पहिले रोप

काचेच्या टाक्या बनविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे मागे एक गिऱ्हाईक दोन फुटी टाकी परत घेऊन आले. तक्रार अशी की, 'तुमच्या सिलिकॉनमुळे पाण्याला वास मारतो, मासे मेले.' आता सिलिकॉनला वास असतो तो व्हिनेगारसारखा, आणि ते सुकले की तो जातो. हा वास कुजल्याचा होता. पाहिले तर खडीत खोचलेल्या तीन हिरव्या काड्या बुडापासून काळ्या पडल्या होत्या. काड्या लकी बांबूच्या! मासे विकणाऱ्याने 'पाण्यातले झाड' म्हणून त्या दिल्या होत्या. रोप एकाचे आणि बदनामी दुसऱ्याची, असा हा प्रकार.

लकी बांबूची मुळे पाण्यात चालतात, पाने पाण्याबाहेर हवीत. पूर्ण बुडविले की महिना-दोन महिने ते तग धरते, मग सडते. सडलेल्या पाल्यापासून पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात. सिंगोनियम, पट्ट्यापट्ट्यांचे स्पायडर प्लांट, जांभळ्या पानांचे हेमिग्राफिस ही सारी कुंडीतलीच झाडे. दुकानात दोन दिवस ती सुंदर दिसतात, म्हणून सर्रास विकली जातात. हा मालाचा ऐब झाकून विकण्याचा प्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कित्येक दुकानदारांना हे ठाऊकच नसते, हेही आम्ही मान्य करतो. पण नुकसान दोन्हीकडे सारखेच. पहिली टाकी बिघडलेला माणूस दुसऱ्यांदा सहसा येत नाही. टाकी माळ्यावर जाते, आणि खाद्य, फिल्टर, मासे अशी त्याच्याकडून पुढे होणारी सारी विक्री बुडते.

मग नवख्याला द्यावे काय? आम्ही सर्वांत आधी अनुबियास सांगू. मूळचे पश्चिम आफ्रिकेतले, जाड गडद पानांचे. ते महाग का, असे गिऱ्हाईक विचारणारच. उत्तर सरळ आहे : ते फार सावकाश वाढते, म्हणून तयार व्हायला वेळ लागतो. पण एकदा रुजले की वर्षानुवर्षे टिकते आणि साध्या उजेडावर भागवते. जावा फर्नचेही तसेच. या दोन्ही झाडांची एकच अट आहे, आणि ती सांगितली जात नाही म्हणूनच ती मरतात. यांचे आडवे जाड खोड वाळूत पुरायचे नाही. पुरले की कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधून द्यावे. दुकानातच बांधून दिले तर मजुरीचे चार पैसेही सुटतात! जावा फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके येतात, तो रोग नव्हे. त्या पानांवरच पुढे नवी रोपेही फुटतात.

गोल्डफिश नेणाऱ्याला तर हीच दोन द्यावीत. गोल्डफिश कोवळा पाला खातो आणि वाळूतले रोप उपटून काढतो.

ज्याला थोडक्यात हिरवळ हवी, त्याला हॉर्नवर्ट द्यावे. आपल्या तळ्यांत ते आपोआप वाढते. लावायचे नाही, नुसते सोडून द्यायचे. सुरुवातीस काड्या गाळते, हे मात्र आधी सांगावे. गप्पीच्या पिल्लांना लपायला याच्यासारखी जागा नाही. तळ्यातून आणलेला माल मात्र नीट धुऊन, काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवूनच विकावा. त्यासोबत गोगलगायी येतात. बोअरच्या जड पाण्यावर व्हॅलिस्नेरिया उत्तम. लांब गवतासारखी पाने, मुळे वाळूत, पण पाने जिथून फुटतात तो भाग वाळूच्या वर. महिन्याभरात धुमारे सोडून ती पसरू लागते.

क्रिप्टोकोरिनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण भांडणे याच रोपावरून होतात. जागा बदलली की याची पाने विरघळल्यासारखी गळतात. गिऱ्हाईक समजते, मेलेले रोप गळ्यात मारले. मुळे जिवंत असतात. हलविले नाही तर काही आठवड्यांत नवी पाने येतात. हे वाक्य रोप बांधून देतानाच सांगावे. मागाहून सांगितले की ते बहाणा वाटते. याच कुळातल्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही आहेत. त्या तिथेच राहू द्याव्यात.

लाल रोपे नवख्याला देऊ नयेत. बहुतेकांना तीव्र उजेड लागतो, वरून खत आणि कार्बन वायूचा खर्च. वर सांगितलेल्या पाचांना यातले काही लागत नाही. साधा पांढरा एलईडी दिवा, दिवसाला सहा ते आठ तास, पुरे. जास्त जाळला की काचेवर शेवाळ चढते. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली तर पाणीच हिरवे होते.

आमच्या स्नेह्यांनी त्या गिऱ्हाइकाची टाकी धुऊन दिली, पैसे घेतले नाहीत, आणि अनुबियासचा एक तुकडा दगडाला बांधून सोबत दिला. आता ते प्रत्येक नव्या टाकीबरोबर तेच करतात. तुकड्याची किंमत टाकीच्या बिलात वेगळी लिहून.