फिनलंडच्या त्या गोळ्या

कुणाच्या घरी अँटिऑक्सिडंटची नवी बाटली आली की मी त्यांना फिनलंडमधल्या एका प्रयोगाबद्दल सांगते. १९८५ साली तिथे ५० ते ६९ वयाच्या, सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग सुरू झाला. काहींना रोज बीटा कॅरोटिनची गोळी, काहींना ई जीवनसत्त्वाची, काहींना दोन्ही, आणि उरलेल्यांना आत काहीच नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. यामागचा विचार अगदी सरळ होता. गाजर, भोपळा, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा कॅरोटिन जास्त असतं आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं तोवर अनेक पाहण्यांत दिसलं होतं. मग भाजीतलं तेच द्रव्य गोळीतून दिलं तर?

१९९४ मध्ये निकाल छापून आला. बीटा कॅरोटिन घेतलेल्यांपैकी ४७४ जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. न घेतलेल्यांपैकी ४०२ जणांना. म्हणजे १८ टक्के जास्त. मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त होते. अनेकांना तो योगायोग वाटला. पण अमेरिकेत सिगारेट ओढणारे, ती सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले अशा अठरा हजारांवर लोकांवर बीटा कॅरोटिन आणि ए जीवनसत्त्वाचा असाच प्रयोग चालू होता. तो जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावा लागला. तिथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुढे पस्तीस हजार पुरुषांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व देऊन प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहिलं गेलं. तोही प्रयोग २००८ मध्ये थांबवला, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग उलट १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

मला या आकड्यांची भीती वाटते ती एका कारणाने. ही माणसं आजार बरा व्हावा म्हणून गोळी घेत नव्हती. आपल्याला काही होऊ नये म्हणून घेत होती.

मग अँटिऑक्सिडंट वाईट का? मुळीच नाही. आपण जगतोच त्यांच्या जोरावर. फक्त त्यांतली सर्वांत मोलाची अँटिऑक्सिडंट दुकानात मिळत नाहीत, ती आपल्याच पेशींत बनतात. श्वासातला ऑक्सिजन वापरून पेशी अन्न जाळते, तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तशी काही अर्धवट, चिडकी रसायनं बाहेर पडतात. त्यांनाच फ्री रॅडिकल्स म्हणतात. ती हाती लागेल त्याला डसतात: पेशीच्या आवरणातल्या स्निग्धाला, प्रथिनांना, डीएनएला. त्यांना आवरणारं एक एन्झाइम १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅक्कॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी शोधलं. त्याचं नाव सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. त्याला काम करायला तांबं आणि जस्त लागतं, पेशीतल्या ऊर्जाघरात मँगनीज लागतं. ते एका घातक रसायनाचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग त्या पेरॉक्साइडचं पाणी करायला दुसरी एन्झाइम पुढे येतात. त्यांतल्या एकाला लोह लागतं, एकाला सेलेनियम. आणि या सगळ्यांच्या मागे उभं असतं ग्लुटाथायोन, तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू, जवळजवळ प्रत्येक पेशीत तयार होणारा, यकृतात सर्वांत जास्त. एक एन्झाइम क्षणात हजारो रेणू निकामी करतं आणि पुन्हा कामाला लागतं. क जीवनसत्त्वाच्या गोळीतला रेणू एकदा खर्च झाला की झाला, त्याला पुन्हा उभं करायलाही शरीराला हीच यंत्रणा वापरावी लागते.

दुसरी गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. ही चिडकी रसायनं शरीराला हवीही असतात. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या यांच्याच मदतीने. ज्या मुलांमध्ये जन्मतः ती तयार होत नाहीत, त्यांना एकामागून एक गंभीर जंतुसंसर्ग होत राहतात. व्यायामाचंही तसंच आहे. चालताना, धावताना स्नायूंत ती वाढतात, आणि ती वाढली हे कळल्यावरच शरीर आपली संरक्षक एन्झाइम वाढवतं. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी ४० तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनचा परिणाम सुधारला, शरीराची स्वतःची एन्झाइम वाढली. गोळ्या घेणाऱ्यांत हा फायदा दिसलाच नाही. निरोप पोचायच्या आधीच गोळीने तो पुसून टाकला होता. मधुमेहाच्या काठावर असलेली, रोज तासभर चालून घरी येऊन चमकदार पाकिटातली गोळी घेणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर याच्या उलट्या टोकाने काम केलं आहे. द्राक्षांत सापडणारं रेझवेराट्रॉल हे अँटिऑक्सिडंट म्हणून विकलं जातं. त्यांनी ते अगदी थोड्या तांब्यासोबत दिलं. एकत्र आले की हे दोघं ऑक्सिजनची रॅडिकल्स तयार करतात, आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेल्या क्रोमॅटिनच्या कणांचा नाश करतात. हे संशोधन अजून सुरुवातीच्या टप्प्यावर आहे, त्यावरून कुणी गोळ्या शोधायला निघू नये. पण एकच द्रव्य सोबत आणि मात्रा बदलली की भूमिका बदलतं, हे यातून स्पष्ट दिसतं.

माझी आत्या करोनाच्या काळात लिहून दिलेली जस्ताची ५० मिलिग्रॅमची गोळी पुढेही कित्येक महिने घेत होती. "अगं, प्रतिकारशक्तीची आहे, त्रास तर काही नाही," असं तिचं म्हणणं. प्रौढ स्त्रीची दिवसाची जस्ताची गरज १३ मिलिग्रॅमच्या आसपास असते. जास्त जस्त दीर्घकाळ घेतलं की आतड्यातून तांबं शोषलं जाणं कमी होतं. तांबं कमी पडलं की रक्तक्षय होऊ शकतो, पायांना बधिरपणा येऊ शकतो, आणि तांब्या-जस्तावर चालणाऱ्या त्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचंच एक चाक निखळतं. मी म्हटलं, "आत्या, ही पाकिटं सगळी एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे ने." तिने नेली. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली.

तिच्या ताटाची मला जास्त काळजी होती. एकटी राहणारी अनेक वयस्क माणसं रात्री चहा-खारीवर भागवतात. ग्लुटाथायोन बनायला सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल लागतं, ते प्रथिनांतून येतं, आणि वय वाढेल तसं ग्लुटाथायोन बनवणंही मंदावतं. डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, धान्यात ती त्या मानाने बरी; धान्यात लायसिन कमी, डाळीत भरपूर. वरणासोबत भात किंवा आमटीसोबत भाकरी खाल्ली की दोघांची उणीव भरून निघते. वर दही किंवा ताक, चालत असेल तर अंडं, मासळी. वाटीभर घट्ट वरण हे माझ्या मते यकृतासाठी कुठल्याही कॅप्सूलपेक्षा मोठं काम आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने म्हणते.

मोहरीचं तर मला विशेष प्रेम आहे. कोबी, मुळा, मोहरी या कुळातल्या वनस्पतींत गंधकाची काही संयुगं आणि एक एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरलं, चावलं, कुटलं की ती भेटतात आणि झणझणीत द्रव्यं तयार होतात. ही द्रव्यं स्वतः काही फ्री रॅडिकल्स पकडत बसत नाहीत. ती पेशीला किंचित डिवचतात, आणि पेशीतलं एनआरएफ-२ नावाचं प्रथिन जागं होऊन संरक्षक एन्झाइम बनवण्याचा हुकूम सोडतं. फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते एन्झाइम उष्णतेने मरतं. पण पाणी घालून फेसलेली मोहरी, जी आपल्या आया-आज्या रायत्यात आणि लोणच्यात घालत, तिचा नाकात जाणारा झटका म्हणजे नेमकी हीच क्रिया. मुळ्याची कोशिंबीर, कोबीची कच्ची पचडी यांनाही हाच मान. ताटापलीकडच्या झोप, चालणं यांबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे. तंबाखूबद्दल मात्र बोलायला हवं: सिगारेट सोडली आणि मिश्री चालू, असं असेल तर शरीरावरचा भार चालूच आहे.

हळद घरचीच, म्हणून तिच्या कॅप्सूलबद्दल कुणाला शंका येत नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि तेही शरीरात फारसं शोषलं जात नाही. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिलं तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पटींपर्यंत वाढतं. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये अर्क आणि पायपरिन एकत्र येऊ लागले. पण आमटीतल्या हळदीत आणि या मात्रेत फार अंतर आहे. २०१९ मध्ये इटलीत अशी उत्पादनं घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने यकृताच्या धोक्याचा इशारा दिला. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबाबतही युरोपात अशीच तपासणी झाली. कपातला चहा वेगळा, त्याचा गोळीत कोंबलेला अर्क वेगळा. क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्या स्वीडिश पुरुषांत मुतखड्याचं प्रमाण दुप्पट आढळलं. ज्याला आधीच खडे होतात त्याने पेरू खावा, पाणी प्यावं. लग्नाआधी गोरं दिसायला म्हणून शिरेतून ग्लुटाथायोन टोचून घेणाऱ्या मुलींबद्दल ऐकलं की मला खरोखर दुःख होतं. रंगासाठी एवढा धोका पत्करावासा वाटतो, यात आपल्या सगळ्यांचा हात आहे.

गोळ्यांची खरी गरजही असते. पॅरासिटामोल जास्त घेतलं गेलं की यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं. तेव्हा एन-अॅसिटिलसिस्टीन वेळेत दिलं तर जीव वाचतो. डोळ्यांच्या पडद्याचा वयाने होणारा एक विशिष्ट आजार मध्यम टप्प्यावर असेल, तर नेत्रतज्ज्ञ जीवनसत्त्वं आणि जस्त यांचं ठरावीक मिश्रण देतात. त्यातल्या जस्तासोबत तांबंही घातलेलं असतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांसाठी त्यातून बीटा कॅरोटिन काढून टाकलेलं आहे. हा फिनलंडचाच धडा. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर भरून काढायलाच हवी.

जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. अशा माणसाला शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेलं क जीवनसत्त्व तांबड्या पेशी फोडू शकतं, म्हणून ‘ग्लो ड्रिप’ लावणाऱ्याने ही चाचणी केली का, हे आधी विचारावं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, केमोथेरपी किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर घेत असलेल्या प्रत्येक बाटलीचं, पुडीचं, काढ्याचं नाव डॉक्टरांना सांगावं. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत रक्तस्रावाची शक्यता वाढवतं, आणि केमोथेरपीतली काही औषधं कर्करोगाच्या पेशी मारतात तीच मुळी फ्री रॅडिकल्सच्या साहाय्याने. आपल्याकडे अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ नियमाने छापावी लागते. अक्षर बारीक असतं, चष्मा लावून वाचावं.