चौकटीविना चित्र

धाकट्या चुलतबंधूनें कॅनव्हासवर काढलेलें निसर्गचित्र घरीं आलें, तेव्हां काकांनीं चष्मा सारून विचारलें, "ह्याची चौकट आणि कांच कोठें आहे?" १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यांतील तसबिरी कांचेआड पाहण्याची आपली संवय, पण त्या कागदावरच्या. तैलरंगास कांच लागत नाहीं, आणि चौकटीवांचून चित्र अपुरेंहि ठरत नाहीं. ज्या लांकडी सांगाड्यावर कापड ताणलेलें असतें, तोच त्याचा आधार.

हें ठाऊक असूनहि मीं तें पावसाच्या झडीच्या भिंतीला भिडवून एकाच खिळ्यावर अडकविलें. श्रावण सरतां सरतां पाठीवर बुरशीचे ठिपके दिसले. बंधूला सांगावयास मला चार दिवस धीर झाला नाहीं. त्यानें न रागावतां चित्र सावलींत वाळविलें.

आतां तें आंतल्या कोरड्या भिंतीवर आहे. सांगाड्याच्या दोन उभ्या पट्ट्यांना, वरून सुमारें तिसऱ्या हिश्शावर, एकेक कडी बसवून तार ओंवली. स्क्रू आंखूड घेतले, नाहीं तर कापडास टोंचते. भिंतीवर समान उंचीवर दोन आंकडे ठोकले, म्हणजे चित्र कलत नाहीं. खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले, त्यामुळें पाठीशीं वारा खेळतो. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारें ५ फुटांवर असावा; तसबिरींप्रमाणें आढ्याजवळ नेऊं नये. उचलतांना हात लांकडालाच लावावा. कापड मागून दाबलें गेलें, तर रंगाला पुढें केव्हां तरी तडे जातात.

काका हल्लीं दुपारीं त्याच्यासमोर झोपाळ्यावर बसतात. चौकटीचा विषय मात्र त्यांनीं अजून सोडलेला नाहीं.