एका लेकरासाठी व्हायल फोडाच!

बुलढाणा जिल्ह्यातल्या आईबापांनो, आज्यांनो, आशाताईंनो,

शनिवारी रात्री बाळंत झालेली बाई सोमवारी घरी पाठवली, लेकराला काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची, लस न देताच. का? "एका लेकरासाठी व्हायल फोडा लागते का? नऊ डोस वाया जातात. बुधवारी या." घाटावर काय नि घाटाखाली काय, हे उत्तर तुमच्या ओळखीचं आहे.

शांतपणे बोलू. व्हायल दहा डोसची असते, हे खरं. पण हिपॅटायटिस-बीची उघडलेली व्हायल, वर तारीख-वेळ लिहून दोन ते आठ अंशांत नीट ठेवली, न गोठवली, तर 28 दिवस चालते. नियम सरकारचाच. चार तासांत टाकावी लागते ती बीसीजी! एकीचा नियम दुसरीच्या गळ्यात बांधायचा आणि वर काटकसरीचा टेंभा मिरवायचा. आणि समजा, महिनाभरात दुसरं लेकरू जन्मलंच नाही. द्या ओतून उरलेले डोस! ते आता महाग राहिलेले नाहीत. परदेशी लसीचा एक डोस शेकडो रुपये मोजून घ्यावा लागे, तेव्हा गरीब देशांनी हात आखडला, ते समजू शकतो. 1997 साली हैदराबादेत लस तयार झाली आणि डोस पन्नास रुपयांच्या आसपास आला. महाराष्ट्रात ती 2007-08 पासून सरकारी कार्यक्रमात आहे. आता ती फ्रीजमध्ये पडून आहे आणि लेकरू शेजारच्या खोलीत.

"दीड महिन्यानं पेंटा लस आहेच की, तिच्यात हीपण असते!" हे ऐकलं की डोकंच फिरतं. आईच्या रक्तातला विषाणू बाळात शिरतो तो मुख्यतः बाळंतपणातच, म्हणून पहिला डोस 24 तासांच्या आत. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांत ती कायमची राहते. जन्मतः झाली तर नव्वद जणांत. पुढे ऐन उमेदीत यकृत निकामी होतं नाहीतर कॅन्सर होतो, आणि गळ्यात काविळीची माळ येते. आई ठणठणीत दिसते म्हणता? लागण झालेले बहुतेक जण वर्षानुवर्षं ठणठणीतच दिसतात.

तैवाननं 1984 पासून नवजात बाळांना ही लस दिली, तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. आपल्याकडे लेकरू दवाखान्यातच जन्मतं, बाळंतिणीला सरकारी योजनेतून तीन दिवस फुकट जेवण मिळतं. ते ठेवता का कधी बुधवारवर?

तेव्हा रविवार असो की दिवाळी, डोस दिल्याची तारीख आणि वेळ कार्डावर लिहून घ्या. नकार मिळाला, तर तो कारणासकट, सहीनिशी, कागदावर मागा.